शिट्टी नको म्हणून

कानयंत्रवाल्याने कान तपासायच्या नळीचं रबरी टोक आपल्याच पँटवर पुसलं, दोन बोटांत धरून उजेडाकडे करून बघितलं आणि तेच भिंगरीच्या कानात घालायला पुढे आला. खरं तर तेव्हाच आईने पोरीचं मनगट धरून उठायला हवं होतं. ती उठली नाही. पर्समधून ओला कागदी रुमाल काढून तेवढा पुढे केला.

"अहो, याने पुसाल का जरा?"

"स्वच्छच आहे हो ताई! आत्ता तुमच्यासमोर तर पुसलं," तो हसला. दात पांढरेशुभ्र, आणि त्यांच्यात एक काडी. बोलताना ती काडी वरखाली हलायची. रुमाल त्याने घेतला, पण त्याने आपल्या बोटांना लागलेलं काहीतरी पुसून तो टेबलाच्या खणात टाकला.

दुकान लखलखीत होतं. नुसतं दिसायला. काचेखाली नमुन्याचे साचे मांडलेले होते, कानाच्या आकाराचे, काही गुलाबी, काही पारदर्शक, आणि त्यातल्या एकाच्या भोकात पिवळट काहीतरी वाळून बसलेलं होतं. मुलांसाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा हत्ती हाताला चिकटत होता. वरून अत्तराचा फवारा मारलेला, आणि त्याखालून उघड्या डबीतून यावा तसा कानातल्या मळाचा जुना, तेलकट वास. आईने श्वास तोंडाने घ्यायला सुरुवात केली. मग तो वास तोंडात जातोय असं वाटून पुन्हा नाकाने.

भिंगरी पाच वर्षांची. तिला चांगलं ठेवणीतलं नाव होतं, पण एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून भिंगरी. महिन्याभरापूर्वी हॉस्पिटलात तिचे कान तपासले, तेव्हा एक कागद हातात आला होता. त्या कागदावरची रेघ डावीकडून निघून बरीच सरळ चालत होती आणि मध्यावर आली की कड्यावरून पाय घसरावा तशी खाली कोसळत होती. म्हणजे दार आपटलेलं, हॉर्न, बाबांचा घोगरा आवाज, हे सगळं पोरीला ऐकू यायचं. बारीक, पातळ, वरच्या पट्टीतले आवाज मात्र नाहीत. स, श, फ असली अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून तर पाच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. हाक मारली की वळायची. साखरेला 'आखर' म्हणायची आणि शाळेला 'आळा'. घरातले सगळे तिची नक्कल करून 'आखर दे गं' म्हणत हसायचे. आई पण हसायची.

हॉस्पिटलात यंत्र बसवायला दोन महिन्यांनी या म्हणाले होते. हे दुकान घराजवळ होतं आणि आजच्या आज म्हणत होतं. म्हणून इथे.

यंत्र बसवून आठवडा झाला होता आणि आज आई आणि सासूबाई तिला घेऊन आल्या होत्या शिट्टीसाठी. पोरीने मान वळवली, उशीवर डोकं टेकलं, कुणी जवळ घेतलं की यंत्र कुईऽऽ करून वाजायचं. औषधांच्या दुकानात रांगेत उभं असताना वाजलं, तर पुढची बाई मागे वळून सगळ्यांच्या अंगावरून नजर फिरवत म्हणाली होती, "कुणाचं काय उकळतंय?"

"एवढंच ना?" यंत्रवाल्याने यंत्राला वायर लावली, संगणकावर तीनचार वेळा टकटक केलं. "झालं. शिट्टी गायब! आता बघा हं." तो भिंगरीच्या मागे गेला आणि त्याने जोरात टाळी वाजवली. भिंगरी दचकून वळली.

"आहे की नाही जादू?"

"वळली गं, वळली!" सासूबाईंनी हात जोडले. "किती गुणाचा माणूस. मी म्हणत नव्हते?"

टाळीला तर ती यंत्राशिवाय पण वळते, हे आईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण शिट्टी खरंच थांबली होती. तिने पोरीला कुशीत घेऊन बघितलं, गाल कानाला लावून बघितला. चिडीचूप. तिला इतकं हलकं वाटलं की तिने त्या काडीवाल्या माणसाचे चक्क आभार मानले.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला, ताबडतोब या.

मोठ्या बाईंच्या खोलीत भिंगरीच्या वर्गाच्या बाई आधीच बसलेल्या होत्या. वर्गात खेळणी ठेवायचं एक सरकत्या दाराचं कपाट होतं. भिंगरी ते दार ओढून लावत होती, आणि वर्गातल्याच एका मुलीची बोटं फटीत होती. नख काळंनिळं झालं होतं. ती मुलगी घरी गेली होती. जाताना तिची आई मोठ्या बाईंसमोर काय काय बोलून गेली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावरच वाचता येत होतं.

"अहो, मी ओरडून ओरडून सांगतेय, सोड, सोड!" वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आणि ही माझ्या तोंडाकडे बघत आणखी जोर लावतेय. शेवटी मी धावत जाऊन हात सोडवले."

"तिला ऐकू येत नाही नीट. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आता यंत्र आहे की कानात," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऐकू येतं हो तिला. ती ऐकत नाही." वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं असावं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, यावेळी शिपायाकडे बघत. मग टेबलावरच्या बशीतलं बिस्कीट चहात बुडवलं. बिस्कीट तुटून कपात पडलं, तर बोट घालून ते काढून खाल्लं, आणि बोट चोखत म्हणाल्या, "आपण असं करू. घरातली शिस्त आणि वर्गातली शिस्त वेगळी असते. सुट्टीनंतर तिला परत लहान गटात बसवू. तोवर सुधारली तर बघू."

सुट्टीला पाच आठवडे होते.

रस्ताभर आईच्या डोळ्यांसमोरून ते चोखलेलं बोट जाईना. घरी आल्यावर तिने पोरीला मांडीवर घेतलं.

"भिंगरी, बाई काय म्हणाल्या होत्या गं तुला? दाराजवळ?"

"ओढ म्हणाल्या."

"ओढ?"

"हो. ओढ, ओढ. मी खूप जोरात ओढलं." पोरीचा ओठ थरथरला. "तरी रागावल्या."

सोड. त्यातला स काढून टाकला तर काय उरतं? आईने आरशासमोर उभं राहून दोन्ही शब्द आवाज न करता म्हणून बघितले. तोंडाचा चंबू दोन्हींत सारखाच. पोरीने तर बाईंचं ऐकलं होतं. जेवढं कानात शिरलं तेवढं अगदी मनापासून ऐकलं होतं.

संध्याकाळी तिने टॉवेल काढला. एक टोक भिंगरीच्या हातात, दुसरं आपल्या. खेळ साधा. ओढ म्हटलं की ओढायचं, सोड म्हटलं की सोडायचं. तोंडासमोर मासिक धरलं, म्हणजे ओठ दिसायला नकोत.

"ओढ!" भिंगरीने ओढला.

"सोड!" भिंगरीने ओढला, खिदळत.

दहा वेळा सोड म्हटलं, दहाही वेळा टॉवेल ताणला गेला. मग आईने दोन्ही कानांतली यंत्रं काढून ठेवली आणि तोच खेळ पुन्हा खेळला. तस्संच. दहापैकी दहा. म्हणजे तीन आठवडे पोरगी कानांत काय घालून फिरत होती? दोन गुलाबी बोळे?

"अगं, तिला दमवू नकोस," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. "सवय व्हायला वेळ लागतो. तो म्हणालाच आहे."

"काय म्हणाला तो?"

"की आयांना उगाच घाई असते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पोरीला घेऊन दुकानात गेली. काडी आज पण होती. तेव्हाचीच असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार मनातून जाईना.

"ताई, कान नाही ऐकत, मेंदू ऐकतो," यंत्रवाला म्हणाला. "त्याला वेळ द्या. तुम्ही घरी स्पष्ट बोलता ना? टेन्शन घेऊ नका. आईचं टेन्शन मुलाला लागतं." बोलता बोलता त्याने भिंगरीच्या कानातून साचा काढला. नळीत मळाचा छोटासा तांबूस गोळा अडकला होता. त्याने साचा ओठांना लावला, गाल फुगवून फूऽऽ केलं, गोळा उडून कुठेतरी टेबलावर पडला. मग थुंकीने ओला झालेला तो साचा त्याने परत पोरीच्या कानात दाबला. भिंगरी "ओलं, ओलं" म्हणत मान झटकू लागली.

आज मात्र आई रुमाल पुढे करायला आलेली नव्हती.

"मला संगणकावर दाखवा. यंत्र काय काय मोठं करतं ते."

"त्यात तुम्हाला काय कळणार?"

"मी पदवीधर आहे, मला रेघ कळते. दाखवा."

त्याने खांदे उडवले आणि पडदा तिच्याकडे फिरवला. डावीकडे आवाजाची रेघ थोडी वर चढलेली होती. उजवीकडे, म्हणजे नेमकं जिथे हॉस्पिटलच्या कागदावर कडा होता तिथे, ती जमिनीला टेकवून ठेवलेली होती. सपाट.

"इथे काहीच नाहीये."

"तिथूनच शिट्टी येते ना ताई. म्हणून ते बंद केलं."

"पण तिला तेवढंच तर ऐकू येत नाही! बाकीचं तिचं तिलाच ऐकू येतं. जे हवं ते बंद करून, जे नको ते चालू ठेवलंत तुम्ही?"

"तुम्हीच आला होतात," तो म्हणाला. पहिल्यांदाच काडी हलायची थांबली. "तुम्हीच म्हणालात, शिट्टी नको. चारचौघांत वाजते, लोक बघतात. गिऱ्हाइकाला हवं ते आम्ही करतो."

खरंच, ती असंच म्हणाली होती. अगदी हेच शब्द. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती शिट्टी भिंगरीला कधी ऐकूच आली नसणार. इतका बारीक, उंच आवाज. पोरीला तिचा काडीचाही त्रास नव्हता. त्रास रांगेतल्या बाईला होता, आणि तिला स्वतःला. मळ, थुंकी, चिकट हत्ती, या सगळ्यांची तिला शिसारी आली होती. त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिसारी तिला आता, त्या खुर्चीत बसल्या जागी, स्वतःची आली. लोकांनी वळून बघू नये म्हणून तिने पोरीला मिळालेला आवाज पुन्हा काढून घ्यायला लावला होता, आणि वर आभार मानले होते.

ती दुकानातून निघाली ती थेट हॉस्पिटलात गेली. श्रवणतज्ज्ञ बाईंच्या खोलीबाहेर दोन दिवस, रोज चार तास बसली. तिसऱ्या दिवशी वेळ घेतलेलं कुणीतरी आलं नाही, तेव्हा आत बोलावलं.

या बाईंना जबरदस्त सर्दी झालेली होती. नाक लाल, ॲप्रनच्या बाहीवर चहाचा डाग, केस कसेतरी क्लिपमध्ये कोंबलेले. आईच्या आधी मनात आलं की इथूनही पळावं. पण बाईंनी मास्क वर ओढला, बेसिनपाशी जाऊन कोपरांपर्यंत हात धुतले, नवीन टोकाचं पाकीट फोडलं आणि मगच भिंगरीच्या कानात बघितलं.

"हे कुणी बसवलं?"

आईने सांगितलं. शिट्टीचं पण सांगितलं. गाळायचा मोह झाला होता, पण सांगितलं.

"शिट्टी येते कारण साचा सैल आहे," बाई फटकळपणे म्हणाल्या. "फटीतून आवाज बाहेर येतो, यंत्र तोच परत आत घेतं, आणि गोल गोल फिरतं. साचा बदलायचा सोडून आवाज बंद केला! म्हणजे नळ गळतो म्हणून विहीर बुजवली. आणि तुम्ही महिनाभर काय बघत होतात?"

"टाळीला वळायची," आई पुटपुटली.

"टाळीला मांजरही वळतं."

भिंगरीच्या कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा गेला, मग नव्या साच्याच्या मापासाठी पिचकारीतून गुलाबी लगदा. पाच मिनिटं भिंगरी भिंगरी नव्हती, डोळे विस्फारून पुतळ्यासारखी बसली होती. घट्ट झालेला ठसा निघाला, बाईंनी बोटाने कडा दाबून बघितल्या, मान हलवली आणि दुसऱ्यांदा घेतला, कारण पहिल्यात एक बुडबुडा होता. आईला तो दाखवूनसुद्धा दिसला नाही.

दहा दिवसांनी नवे साचे आले. आता नवरा पण रजा टाकून आला. बाईंनी केसासारखी बारीक, मऊ नळी पोरीच्या कानात सरकवली, पार कानाच्या पडद्याजवळ. नळीच्या दुसऱ्या टोकाला माइक. वरून यंत्र बसवलं. समोरच्या भोंग्यातून एक माणूस बोलू लागला, आणि भिंगरीच्या कानाच्या आत त्यातलं नक्की किती पोचतंय याची रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटू लागली.

"तिचा कान एवढासा," बाई नाक ओढत म्हणाल्या. "मोठ्यांच्या कानात आवाज वेगळा भरतो, हिच्या वेगळा. अंदाजाने करायचं काम नाही हे. ही तुटक रेघ दिसते? तिथपर्यंत न्यायचंय."

उजव्या टोकाला रेघ तुटक रेघेच्या बरीच खाली होती. बाई एक आकडा वाढवायच्या, पुन्हा तो माणूस बोलायचा, पुन्हा बघायच्या. भिंगरी चुळबुळली की नळी हलायची आणि सगळं पहिल्यापासून. दोन वेळा पोरगी रडली, एकदा बाईंनी शिंकून सगळं घालवलं आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. साचा कुठे गळतोय का म्हणून कानावर हात ठेवून बघितलं. शिट्टी नाही. पाऊण तासाने दोन्ही रेघा एकमेकींच्या अंगाला लागल्या, शेवटच्या टोकापर्यंत नाही, पण जवळजवळ.

"आता खरी परीक्षा. कागदावर छान दिसलं म्हणजे झालं असं नाही." बाईंनी मण्यांची बरणी भिंगरीसमोर ठेवली आणि स्वतःचं तोंड पुठ्ठ्याआड लपवलं. "आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. न आला तर नाही टाकायचा, बरं का. लबाडी नको."

मऽऽ. मणी. आऽऽ. मणी. ऊऽऽ. मणी. ईऽऽ. मणी.

शऽऽ.

भिंगरी थांबली. पुठ्ठ्याकडे बघत राहिली, कपाळाला आठी घालून, जसं एखादं माणूस घरात नकोसा वास आल्यावर इकडेतिकडे बघतं. मग हळूच मणी टाकला.

सऽऽ.

काही नाही. आईने नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं की तो "अगं" म्हणाला. बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला, वायर लावली, काहीतरी किंचित सरकवलं. पुन्हा पुठ्ठा.

सऽऽ.

मणी डब्यात पडला. पुन्हा, मध्ये बराच वेळ गप्प राहून. सऽऽ. मणी. मग बाई फसवायला नुसत्याच गप्प बसल्या. पोरीने मणी हातात धरून ठेवला, टाकला नाही.

"ठीक," बाई म्हणाल्या. एवढंच. शाळेसाठी चिठ्ठी लिहिली: पुढच्या बाकावर बसवणे, बोलताना मुलीकडे तोंड करणे, लहान गटात टाकण्याचं काही कारण नाही. शेवटचं वाक्य त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं. "बोलायला वेळ लागेल. ऐकलंच नव्हतं, ते म्हणणार कुठून? आणि साचे तीन महिन्यांनी पुन्हा. कान वाढतो. शिट्टी आली की आवाज कमी करायला नाही, इथे यायचं. निघा आता, बाहेर रांग आहे."

पॅसेजमध्ये भिंगरी भिंतीकडे तोंड करून, खाली बसून बुटांचे पट्टे लावत होती. पट्टा उघडताना चर्रर्र आवाज यायचा. तिने तो उघडला, लावला, पुन्हा उघडला, आणि तोंड वाकडं केलं. बाजूने गेलेल्या माणसाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली, तर तिने दोन्ही कानांवर हातच ठेवले.

"आवडत नाहीये वाटतं तिला," नवरा म्हणाला.

"काढू द्यायचं नाही. काही झालं तरी."

"नाही गं. आणि त्या दुकानवाल्याचं काय? जाऊन बोलू का मी?"

आई त्याच्या कानाशी वाकली. घरात पोरीच्या देखत काही बोलायचं असलं की ती दोघं असंच कुजबुजायची. पोरीच्या पाठीमागेच नव्हे, तिच्या डोक्यावरूनसुद्धा. तिला कधी ऐकू गेलं नव्हतं.

"त्याचं नाव पण काढू नकोस," ती अगदी श्वासाच्या आवाजात म्हणाली. "नुसतं आठवलं तरी किळस येते मला."

बुटाचा पट्टा वाजायचा थांबला.

"आई," भिंगरीने मागे न वळताच विचारलं, "किळच म्हणजे काय?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. किळ नव्हे. किळच. शेवटी काहीतरी आहे, एवढं पोरीला कळलं होतं. काय आहे ते नक्की सापडलं नव्हतं, म्हणून तिने हाताशी होतं ते अक्षर तिथे ठोकून दिलं होतं.

"बोल की," भिंगरी आता वळली. "किळच कोणाची येते?"

"झाली का पंचाईत," नवरा हसू दाबत म्हणाला. "आता भांडायचं असलं तर गच्चीवर जावं लागणार आपल्याला."

"तू गप्प बस," आई म्हणाली, आणि पोरीसमोर उकिडवी बसली. तिला सांगायचं होतं बरंच, पण पाच वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. "किळस. दुधावरची साय तोंडात आली की तुला काय होतं?"

भिंगरीने डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, अख्खं अंग शहारून दाखवलं.

"तीच."

"मग मला आत्ता पण आली," भिंगरी म्हणाली आणि पॅसेजच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून बशीतून चहा ओढत होते, फुर्रर्र, फुर्रर्र, सावकाश, तल्लीन होऊन.

"हळू बोल," आई म्हणाली. "त्यांना ऐकू जाईल."